बर्वे सरांचं स्थळं तपासणारं मशीन

शहापूरला एसटी स्टँडच्या मागे एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये मी काही वर्षं टायपिंग आणि टॅली शिकवत होतो. सेंटर केव्हाच बंद पडलं, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. पण किस्से काही बंद पडत नाहीत. कुठल्याही लग्नाला गेलो, पंगत बसली, की शेजारचा कोणीतरी म्हणतोच, "अरे, ते तुमच्या सरांचं मशीन सांग ना!" मग एकाला लागून दुसरा निघतो. लोक हसून हसून भात सांडतात. घरी आल्यावर मात्र मला झोप लागत नाही.

*

सर म्हणजे बर्वे सर, सेंटरचे मालक. गणितात एम.एस्सी. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न वडिलांनी म्हणे मुलाच्या आईच्या डोळ्यातलं पाणी बघून ठरवलं होतं. पुढे त्या बहिणीचे हाल कुत्रं खाईना. तेव्हापासून भावनेच्या भरात घेतलेला निर्णय म्हटलं की सरांच्या कपाळाची शीर उडायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावागावात कॉम्प्युटरचं नुसतं नाव पोचलेलं. सरांनी खपून एक प्रोग्राम लिहिला. मुलाची माहिती भरायची, मुलीची भरायची. शिक्षण, नोकरी, जमीन, घरात खाणारी तोंडं, व्यसन, स्वभाव. मशीन शंभरपैकी मार्क देणार. साठ किंवा वर मिळाले तर स्थळ 'योग्य', खाली राहिलं तर 'अयोग्य'.

"पत्रिका नाही, मानपान नाही, रडारड नाही," सर सांगायचे. "मशीनला मन नाही, म्हणून ते पक्षपात करत नाही!"

ऐकायला किती छान वाटतं! लोकांनाही वाटलं. शहापूर-मुरबाडकडे पोरगी बघायला जायच्या आधी "मशीन काय बोलते?" हे विचारायची पद्धतच पडली.

*

माहिती भरायला रंजना होती. धसईकडची, बारावी झालेली, मुरबाडला गाडी बदलून रोज यायची. बोलायला गोड आणि कामाला वाघ. आणि भास्कर वायरमन. सेंटरचं वायरिंग त्यानं केलेलं. वडील नाहीत, आई दम्यानं आजारी, पाठी दोन बहिणी. लाइट अख्ख्या शहापूरची गेलेली असायची, पण हा पठ्ठ्या फ्यूज बघायला आमच्याकडेच यायचा!

एकदा मी म्हटलं, "भास्कर, फ्यूज ठीक आहे रे. मेन लाइनच गेलीय."

"माहिताय ना," तो म्हणाला. "पण बघितलेलं बरं."

फ्यूज बोर्ड रंजनाच्या खुर्चीमागे होता. त्या दोघांचं लग्न व्हावं असं सेंटरमध्ये सगळ्यांना वाटायचं. चहावाल्याला वाटायचं, मला वाटायचं, सरांनासुद्धा वाटायचं. आता प्रश्न फक्त तिच्या वडिलांचा होता.

*

आमच्याकडे जुन्या मास्तरांनी पोरं शाळेत घालताना सगळ्यांची जन्मतारीख एक जून लावून टाकलेली. अर्धा तालुका एक जूनला जन्मलेला! हे सरांना कोण सांगणार? ते पुण्याचे. नात्यात लग्न होऊ नये म्हणून त्यांनी प्रोग्राममध्ये एक नियम घातला होता: आडनाव एक आणि जन्मतारीखही एक, तर भावंडं जुळी समजावीत.

एक दिवस दोन कुटुंबं आली. आडनाव एक, पण देवक वेगळं, त्यामुळे सोयरीक होण्यासारखी होती. मुलाला उशिरा शाळेत घातलेलं, म्हणून कागदावर सालही एकच. रंजनानं माहिती भरली. प्रिंटर टर्रटर्र करत थांबला. 'जुळी भावंडं. अयोग्य.'

मुलाच्या बापानं ते दोनदा वाचून घेतलं. मग बायकोकडे वळून शांतपणे विचारलं, "काय गो, ह्ये कधी झालं?"

हसून हसून आमची मुरकुंडी वळली. सरांनी अर्धा तास समजावलं, नियम काढून दाखवला, पुन्हा चालवलं, आता मशीन 'योग्य' म्हणालं. पण मुलीचा बाप उठला. "पहिल्यांदा बोलली ती खरं बोलली आसंल. मशीनला काय तरी दिसलं आसंल." मोडलं ते. ती मुलगी पुढे दोन वर्षं घरात बसून होती, हे मी पंगतीत सांगत नाही.

*

लोडशेडिंगचा किस्सा तर आमच्या चहावाल्याचा लाडका. मुरबाडची दोन घरं आली, माहिती भरून झाली, मशीन विचार करायला लागलं आणि लाइट गेली. आता उत्तर आल्याशिवाय हलायचं कसं? सगळे बसून राहिले. मोठी माणसं पेंगली. मुलगा-मुलगी आधी दोन टोकांना, मग एका बाकावर. चहावाल्यानं भजी दिली. मुलीला मिरची लागली, मुलानं धावत जाऊन पाणी आणलं. ती काहीतरी बोलली आणि तो असा हसला की खुर्चीवरून पडायचाच बाकी! उन्हं कलेपर्यंत दोघांनी एकमेकांना घरचं, दारचं, शाळेतलं सगळं सांगून टाकलं.

लाइट आली, रंजनानं माहिती पुन्हा भरली. अठ्ठावन्न मार्क. अयोग्य.

दोघं उठले. मुलीनं उरलेली भजी कागदात बांधून त्याच्या हातात दिली. चहावाला अजून म्हणतो, "दोन मार्कांची भजी मी दिली आसती की रं!"

*

आता हा कडू आहे, पण सांगतो. पहिल्याच वर्षी मशीननं एका मुलाला ब्याण्णव मार्क दिले होते. सरांनी पेढे वाटले! सहा महिन्यांनी मुलीचा बाप आला. मुलगी माहेरी परत आली होती, हात मोडलेला. नवरा सकाळपासून पिऊन असायचा.

सर म्हणाले, "व्यसनासमोर त्यांनी 'नाही' भरलं होतं. माहितीच खोटी दिली तर मशीन काय करणार?"

म्हाताऱ्यानं मॉनिटरकडे बोट केलं. मग म्हणाला, "आमच्यात मधला माणूस आसायचा ना सायेब, तो नवऱ्याच्या घरी नुसता पानी पिऊन नाय यायचा. शेजारी बसायचा, पानाच्या टपरीवर थांबायचा. पोराच्या तोंडाचा वास घ्यायचा. तुमच्या मशीनला नाक नाय काय?"

सरांनी काय करावं? त्या आठवड्यात बसून त्यांनी प्रोग्राम सुधारला. व्यसनाच्या प्रश्नापुढे एक नवा प्रश्न घातला: 'वरील माहिती खरी आहे का?' आणि त्यालाही सगळे 'हो' भरायला लागले!

*

म्हसाच्या जत्रेत सरांनी स्टॉल लावला, जनरेटरवर. शेजारी बैलबाजार. एक शेतकरी आला, मुलीचं स्थळ मशीनवर तपासलं, बहात्तर आले, "झालं तर मग!" म्हणून तिथेच नारळ फोडला. मुलगा पाहिलाय का, असं रंजनानं विचारलं. तो म्हणाला, "नाय गो, आता काय करायचा बघून?"

मग तो बैल घ्यायला शेजारी गेला. दात मोजले. शेपूट ओढलं. खूर उचलून बघितले. चालवला, पळवला, चिखलातून नेला, पाठीवर थाप मारली आणि कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलला. असं दुपारपर्यंत चाललं. सर कौतुकानं बघत होते. शेवटी राहवेना म्हणून म्हणाले, "अहो, बैलाचीही माहिती द्या ना. मशीन दोन मिनिटांत सांगेल."

शेतकऱ्यानं सरांकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं.

"बैल हाय तो सायेब! त्याला बघूनच घ्यावा लागतो."

परत येताना टेंपोत रंजना पाठमोरी बसली होती. भास्करनं जनरेटरची वायर गुंडाळता गुंडाळता दोनदा विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "माज्या बाबांनीपण परवा विचारलं, मशीन काय बोलते."

*

तिचे बाबा, काशिनाथदादा, माणूस देवासारखा. आई वारल्यावर पोरीला त्यांनी एकट्यानं वाढवलेलं. आपल्या मायेपायी पोरीचं नुकसान होईल, ही एकच भीती. म्हणून दोन स्थळं घेऊन ते सेंटरमध्ये आले. एक भास्कर. दुसरा डोंबिवलीचा, कंपनीत पर्मनंट, चाळीत खोली, रंजनानं एकदाच पाहिलेला.

आदल्या दिवशी मी रंजनाला म्हटलं, "तुझ्याच हातात कीबोर्ड आहे. चार आकडे इकडचे तिकडे कर. कोणाला कळणार नाही."

"बाबांना खोटं सांगू?" ती म्हणाली. "आनि ज्यांची मी खरी भरली, ज्यांची मोडली, त्यांना काय बोलू?"

दादा आले तेव्हा ती खुर्चीतून उठली आणि सर बसले. भास्करचं भरताना सरांची बोटं अडखळत होती. खाणारी तोंडं. आजारी माणूस. जमीन नाही. त्रेपन्न. मग डोंबिवलीचा. एक्याऐंशी.

मी म्हटलं, "सर, तुम्ही भास्करला ओळखता. सांगा ना त्यांना!"

"मी सांगितलं तर ते माझं मत होईल," सर म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता त्यांचा. "उद्या काही वाईट झालं तर? माझ्या वडिलांनीही मतच दिलं होतं."

"प्रोग्राम तुम्हीच लिहिलाय!"

सरांनी प्रिंटचं बटण दाबलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

भास्कर बाहेर स्कूटरवर बसला होता, त्याला काचेतून सगळं दिसत होतं. फ्यूज बोर्डाखाली भिंतीला टेकून रंजना उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आवाज नाही, हुंदका नाही.

काशिनाथदादांनी तिच्याकडे बघितलं. मग मशीनकडे. मग पुन्हा तिच्याकडे. खुर्ची पुढे ओढून ते सरांजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "सर, पोरगी रडते हाय. ते कुठं भरायचं?"

सरांनी प्रोग्राम उघडला. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत गेले. पुन्हा वर आले. पुन्हा खाली गेले. त्यांनीच लिहिलेला प्रोग्राम, पण ते खरंच शोधत होते.

"तसा प्रश्न नाही यात," सर म्हणाले.

काशिनाथदादांनी मान डोलावली. सुटका झाल्यासारखा श्वास सोडला. उठले, टोपी घातली, रंजनाची पिशवी स्वतः उचलली.

"मंग नसंल रडत ती," ते म्हणाले. "चल गो, मुरबाडची गाडी सुटंल."