मला बोलता येत होतं

"पाटील, दिमाग को खून कम पहुँचा था," बीडच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. मेंदूकडे जाणारी बारीक नस थोडा वेळ अडली आणि मोकळी झाली, असा त्याचा अर्थ. "करणी-वरणी कुछ नहीं. फिर हुआ तो उसी दिन आना."

तोवर पाच दिवस उलटले होते, आणि एका बाईचं घर मोडलं होतं.

पहिल्या दिवशी जेवताना उजव्या हातातली भाकरी गळून पडली. तोंड वाकडं झालं. बोलायला गेलो तर नुसती लाळ. शेजारची गोदावरी, एकटी विधवा, धावत आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "आक्का, ह्यो लकवा हाय. गाडी जुंपा, बीडला न्या. का म्हून बसलाव?"

माझ्या धाकट्या भावाने देवर्षी आणला. अंगारा फासून तो गावातल्या बायकांची नावं घेऊ लागला. "जिनं केलंय तिच्या नावाला मान हालवा, पाटील." मान माझ्या ताब्यात होती कुठे? ती आपोआप कलत होती. गोदावरीच्या नावाला कलली.

"घावली बे, घावली!" देवर्षी ओरडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वाचा परत आली. गोदावरीला गावाबाहेर काढलं ते त्या दुपारी. हे नीट वाचा. मी ओसरीवर बसून पाहत होतो. लकवा म्हटलं असतं, तर तहसीलदाराने पाटीलकी भावाला दिली असती. करणी उतरली म्हटलं की पाटील धडधाकट! दवाखान्यातसुद्धा मी कचेरीचं काम सांगून चोरून गेलो.

महिनाभरात बोटं वळू लागली. गावाने देवर्ष्याचा सत्कार केला. त्याला फेटा बांधला तो याच हातांनी.

डॉक्टरांचं बोलणं मी अकरा वर्षं गिळून बसलो. देवर्ष्याची चीड येते, भावाची येते. पण ते दोघे अडाणी होते. मला माहीत होतं.

यंदा कडा गावी गेलो. गोदावरी तिथे भावाकडे राहते. माझं सगळं ऐकून ती म्हणाली, "मला का म्हून सांगता? मला ठावं हाय. गावाला सांगा."

सोमवारी चावडीवर सांगितलं. माझा भाऊ हसला, "म्हातारपणी चळलाय ह्यो."

कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर त्याला नावं विचारत बसू नका. दवाखाना गाठा. मी वाचलो, याबद्दल देवाचे आभार मानायला जीभ रेटत नाही. माफी मिळालेली नाही. गावात रोज एकाला गाठून सांगतो, गोदावरीने काही केलं नव्हतं. ऐकायचं नसेल त्यालाही.