मालदीवची शेवटची चढाई

टीव्हीवर दक्षिण आशियाई स्पर्धा सुरू होत्या आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींच्या अंगात आलं. आपणही स्पर्धा घ्यायच्या, एकेका विंगने एकेक देश व्हायचं! दादर सोडून आम्ही नवघरला नुकतेच राहायला आलो होतो, कुणाशी धड ओळख नव्हती. मला कल्पना आवडली. देश चिठ्ठ्या टाकून ठरले. भारत 'ए' विंगला गेला आणि ती मंडळी त्याच दिवसापासून आमच्याशी जरा वरच्या पट्टीत बोलू लागली. 'ई' विंगला पाकिस्तान आला. त्यांनी आरडाओरडा करून दुसरी चिठ्ठी मागितली. सेक्रेटरी म्हणाले, "शेजारीच आहेत ना? मग खेळा गपचूप."

आम्हाला मालदीव. तो नक्की कुठे आहे, हे आमच्या विंगमध्ये कुणालाच सांगता येईना. माझ्या सासूबाईंनी मात्र शाळेच्या नकाशात बघून, लाल परकर आणि हिरवा ब्लाउजपीस जोडून झेंडा शिवला. आणि बायकांच्या कबड्डीत आपण खेळणार, असं जाहीरही करून टाकलं.

सासूबाई, म्हणजे आमच्या आई, लग्नाआधी लालबागला हुतुतू खेळायच्या, हे मला तेव्हा कळलं. "मग खेळ सुटला का?" मी विचारलं. "सुटला नाही, सोडायला लावला," एवढंच म्हणून त्या भाजी निवडायला लागल्या.

पहिल्या सामन्यात त्या पदर खोचून चढाईला गेल्या, तर समोरच्या सगळ्या बायका "काकू, सांभाळून हां" म्हणत मागे सरकल्या. आई दोघींना शिवून सुखरूप परत आल्या. आम्ही टाळ्या पिटल्या. घरी आल्यावर त्यांनी कढई आपटली.

"मला काय मखरात बसवलंय? हात लावायला घाबरतात मेल्या! मी खेळायला उतरलेय, हळदीकुंकवाला नाही."

मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. बाईला जिंकायचं नव्हतंच. आपल्याला कुणीतरी खरोखरीचं पकडावं, एवढीच तिची इच्छा होती. दुसऱ्या सामन्यातही तेच झालं आणि आईंच्या पांढऱ्या केसांच्या जोरावर मालदीव फायनलला पोचला. समोर 'ई' विंग, कॅप्टन त्यांच्यातली एक दणकट गुजराती बाई, आईंची भाजीबाजारात नुकतीच झालेली मैत्रीण.

वेळापत्रक कमिटीतल्या पुरुषांनी लावलं होतं. फायनल रविवारी सकाळी नऊला! आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, अर्धा तास, आणि त्या रविवारी नेमकं नऊच्या पुढे. पण ज्यांनी जन्मात कधी पिंप भरलं नाही, त्यांना हे कोण सांगणार? आणि आम्ही बायका, पंपाला काहीतरी झालंय, आज उशीर होईल, या भरवशावर उतरलो.

गुण सारखे, शेवटची चढाई, आई 'कबड्डी कबड्डी' करत आत शिरल्या आणि वॉचमन ओरडला, "पानी छोडा है!"

अख्खा पाकिस्तान जिन्याकडे धावला. आमचा मालदीवही धावला. मीही पळाले, खोटं कशाला बोलू? जिन्यावरून वळून बघते तर रिकाम्या मैदानात आई एकट्याच, दम न सोडता 'कबड्डी कबड्डी' करत इकडून तिकडे फिरताहेत. शेवटी त्या मध्यरेषेवर परतल्या. अंपायर म्हणून उभे असलेले सेक्रेटरी नियमाला पक्के. समोरचा संघ मैदानाबाहेर, म्हणजे सगळे बाद. "लोण! मालदीव विजयी!"

"कसलं विजयी?" आई कडाडल्या. "ती शिट्टी ठेवा खाली. पाणी भरून येऊ दे त्यांना. मी चढाई परत करणार." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू काय बघत बसलीस? जा, पिंप भर!"

अर्ध्या तासाने सगळ्या ओल्या कपड्यांनी परत आल्या. आईंनी मैत्रिणीला बोट दाखवून दम भरला, "इस टाइम छोडा ना, तो मैं तुमसे कभी बात नहीं करेगी."

"मासी, लग जाएगा!"

"लगने दो."

आई शिरल्या, एकीला शिवल्या, वळल्या, आणि त्या बाईने त्यांचा घोटा धरला. मग बाकीच्या सगळ्या अंगावर कोसळल्या. आईंचा हात मध्यरेषेकडे सरपटत होता, पण पोचला नाही. शिट्टी झाली, आम्ही हरलो. मला वाटलं, हाड मोडलं. मी धावले. ढिगाखालून हसण्याचा आवाज येत होता.

केसांत माती, कोपर सोललेलं, मैत्रीण "सॉरी मासी, सॉरी" म्हणत रडकुंडीला आलेली, आणि आई तिचा हात सोडायला तयार नाहीत. "पकडलं गं मला!" त्या मला म्हणाल्या. "सगळ्यांनी मिळून पकडलं!"

घरी मी त्यांच्या कोपराला हळद लावत होते. रेषा वीतभरच राहिली होती, हे त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, हाताने वीत दाखवून. रडू मला आलं. त्या हसतच होत्या.