खुणेची खाच

माझ्या पीएच.डी.चा विषय कुणी विचारला की मी आधी घोटभर पाणी पिऊन घ्यायचे. ‘घन अवस्थेतील बॅटरीचे आंतरपृष्ठ’ म्हटलं की समोरचा माणूस लगेच द्राक्षाच्या भावाकडे वळायचा. खरं तर गोष्ट सोपी आहे. मोबाईलच्या बॅटरीत द्रव असतो आणि तो पेट घेऊ शकतो. त्याऐवजी सिरॅमिकची चकती घालायची आणि तिच्यावर लिथियमचा पत्रा दाबून बसवायचा. पण द्रव सगळ्या फटीत शिरतो, तशा दोन घन वस्तू एकमेकींना चिकटत नाहीत. जिथे त्या टेकतात तिथेच सगळी भानगड होते. तिथे पोकळ्या पडतात, चकतीला तडा जातो, तड्यातून लिथियम आरपार घुसतं आणि बॅटरी संपते. हा तडा नेमका कुठून सुरू होतो, एवढंच मला शोधायचं होतं.

त्यासाठी दोन प्रकारची चित्रं लागायची. एक्स-रे सीटीनं चकती न फोडता आतला तडा दिसतो, पण लिथियम इतकं हलकं की तड्यात काय भरलंय ते कळत नाही. ते इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप दाखवतो, पण त्याला चकती कापून द्यावी लागते. म्हणजे एकच जागा दोन्हीकडे सापडली पाहिजे. एक्स-रे मी सातपूरला काढायचे. तिथे धातूचे ओतीव भाग तपासणाऱ्या एका कारखान्याचं मशीन साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मला मिळायचं. मायक्रोस्कोप पुण्याला. हवाबंद डबी पर्समध्ये घालून मी एसटीनं जायचे. चकती नखाएवढी आणि गोल, तिची कुठली बाजू कुठली हे कळायला काही खूण हवी. म्हणून मी हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीनं प्रत्येक चकतीच्या कडेला बारीक खाच पाडत असे. चकती आणि पत्रा दाबून धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये बसवताना खाच नेहमी वर. या युक्तीचा मला भारी अभिमान होता.

निकाल तर असा आला की मी हरखूनच गेले. झाडून सगळ्या चकत्यांत तडा वरच्याच बाजूनं निघाला होता. मी अर्थ लावला की क्लॅम्पचा दाब वरच्या बाजूला कमी पडतो, म्हणून पत्रा तिथे सुटतो आणि तडा जातो. त्यावर शोधनिबंध लिहिला. तो स्वीकारलाही गेला. प्रबंधाचं मुख्य प्रकरण तेच. मार्चमध्ये माझ्या नोंदणीची मुदत संपत होती आणि मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. वय चव्वेचाळीस, कॉलेजात शिकवणं चालूच. हा निबंध गेला असता तर पदवीही बहुधा गेलीच असती.

निबंध छापून येण्याआधी मला वाटलं, मुद्दाम उलट्या बाजूला कमी दाब देणारा एक क्लॅम्प करून घ्यावा, म्हणजे पुरावा पक्का होईल. पहिला क्लॅम्प सातपूरच्याच, लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरनं बनवला होता. निफाडकडचे, पन्नाशीचे गृहस्थ, स्वतःचं छोटं वर्कशॉप. मी चित्रं दाखवून समजावलं, तसा त्यांचा चेहराच बदलला.

“म्हंजे माझा क्लॅम्प वाकडा हाय?”

“वाकडा नाही हो भाऊ, अगदी किंचित...”

“किंचित म्हंजे किती?”

त्यांनी क्लॅम्प माझ्या हातातून घेतला, केसाएवढाही फरक दाखवणारा डायल लावला आणि गोल फिरवून मला वाकून बघायला लावलं. सुई जागची हलली नाही.

“मग तडा एकाच बाजूनं का जातो?” मी विचारलं.

“जॉब दाखवा.”

वापरून झालेली एक चकती डबीत होती. त्यांनी ती खिडकीपाशी भिंगाखाली धरली.

“ही खाच कोणी पाडली?”

“मीच. खुणेसाठी.”

“अहो मॅडम, हार्ड केलेल्या जॉबवर आम्ही खुणेचा पंच बी मारत नाय, तिथूनच तडकतो. शाईनं खूण करतो. काच कापणारा तरी दुसरं काय करतो? आधी चरा पाडतो, मग दाबतो.”

खाच नेहमी वर, म्हणून तडाही नेहमी वरूनच. खाचेपाशी ताण गोळा होतो हे मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवते. चित्रांच्या कडेला पांढरा झगमगाट येतो म्हणून तेवढी पट्टी मी कापून टाकत असे, आणि खाच त्या पट्टीत जात असे. मी शिशाच्या पेन्सिलीचा ठिपका देऊन चार नव्या चकत्या केल्या. चारींना चार दिशांनी तडे गेले.

नंतर आठ दिवस मी कुणालाही काही बोलले नाही. पट्टी कापलेलीच आहे, कोण विचारणार आहे, असं मी स्वतःला रोज सांगत होते. त्याच आठवड्यात निबंधाची छपाईपूर्व प्रत आली आणि मी इमानदारीत स्वल्पविराम तपासले. तपासता तपासता ‘स्थानिक बनावटीच्या क्लॅम्पमधील असमान दाबामुळे’ हे माझंच वाक्य समोर आलं. ती न हललेली सुई आठवली आणि मला स्वतःची लाज वाटली.

माझ्या मार्गदर्शक माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आम्ही एकमेकींना मॅडमच म्हणतो. मी त्यांच्यासमोर चारही चित्रं ठेवली आणि सगळं सांगितलं. त्यांनी ती शेजारी शेजारी लावून पाहिली. चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी एवढंच विचारलं, “कळून किती दिवस झाले?”

“आठ.”

“निबंध मागे घ्यायचा. मुदतवाढीचा अर्ज करू, मिळेल की नाही सांगता येत नाही.” मग चित्रं माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “खाच काय, माझ्याही हातून पडली असती. इतकी वर्षं तीच चित्रं मीही पाहत होते ना! पण मॅडम, हे आठ दिवस मात्र तुमच्या एकटीचे.”

 मी तिथेच बसून निबंध मागे घेण्याचं पत्र लिहायला घेतलं.