बकल लागते का पाहून घ्या

रत्नमाला मेश्राम आमच्याच गल्लीत राहायची. कॅम्प-1 मधली घरं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की तिकडे फोडणी पडली की इकडे आम्हाला ठसका लागायचा. तिचा नवरा चंपत आणि मी पोलादाच्या प्लांटमध्ये एकाच शॉपला, म्हणजे एकाच विभागात, होतो. चंपतचा बाप दारूनं गेला होता. त्यामुळे हा माणूस दारूच्या वासालासुद्धा उभा राहत नसे. लग्नाच्या पंगतीत कोणी पिऊन शेजारी बसलं तर ताट उचलून दुसरीकडे जायचा.

दुर्गच्या पुढे शिवनाथ नदीच्या काठानं नवा रस्ता झाला आणि आम्हा लोकांना रविवारी जायला जागा मिळाली. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला कहुआची, म्हणजे अर्जुनाची, झाडं. वाटेत मुलांची बाग, फोटोसाठी रंगवलेलं माणसापेक्षा मोठं फुलपाखरू, उंटाची सवारी, मग बोटिंगचा घाट. त्याच्याही पुढे दोराला लटकून नदीवरून जायचं, त्याला सगळे झिपलाइन म्हणतात. घाटाचा ठेका विजयकुमार देशकरकडे होता. दुर्गच्या जुन्या मराठी घरातला माणूस. बोलणं गोड, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट.

पावसाळा नुकताच सरला होता, नदी भरलेली होती. चंपत, रत्नमाला आणि त्यांची मुलगी सुनिता घाटावर गेले. रत्नमालेला पाण्याची भीती, म्हणून ती काठावर चपला सांभाळत बसली. बाप-लेक पॅडलबोटीत बसले. मधोमध गेल्यावर दुसरी बोट येऊन धडकली आणि यांची उलटली. सुनिता अंगातल्या लाइफ जॅकेटमुळे वर तरंगली. चंपतचं जॅकेट त्याच्या डोक्यावरून निघून एकटंच वाहत गेलं. तो सापडला दुसऱ्या दिवशी, खालच्या बंधाऱ्यापाशी.

सुनितानं पोलिसांना सांगितलं, "पप्पाच्या जॅकेटले बकल नव्हतं. घाटावरच्या पोरानं सुतळी बांधून देली होती."

पण विजयकुमारच्या दोन माणसांनी सांगितलं की हा बोटीत उभा राहून झुलत होता, तोंडाला दारूचा वास होता. सुनिता तेव्हा बारावीत. पोरगी घाबरलेली आहे, तिला काय आठवणार, असं म्हणून विषय संपला.

रत्नमाला विजयकुमारकडे गेली तेव्हा मी सोबत होतो. त्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बाई, जाणारा गेला," तो म्हणाला. "आता प्रकरण वाढवलं तर त्याच्याच पिण्याची चर्चा होईल. मुलीचं लग्न व्हायचंय तुमच्या."

तिनं पाण्याचा ग्लास न पिता खाली ठेवला आणि उठली.

तिला वाटलं होतं, एवढ्यावर संपेल. संपलं नाही. काही दिवस बंद राहून घाट पुन्हा सुरू झाला तेव्हा भोंग्यावरून थोड्या थोड्या वेळानं एक सूचना येऊ लागली: "शराब पीकर नाव में न बैठें। इसी घाट पर एक शराबी आदमी अपनी गलती से डूब चुका है।" कॅम्पातली माणसं दर रविवारी तिकडे जायची आणि ऐकून यायची. पौर्णिमेला आम्ही विहारात पंचशील घेतो. पाचवं शील म्हणताना, मद्याचं, बायकांच्या नजरा रत्नमालेकडे वळायला लागल्या. तिसऱ्या पौर्णिमेला ती विहारात आली नाही.

त्याच आठवड्यात तिनं हातगाडी घेतली. तिकीट खिडकीच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे लावली. तर्रीपोहे आणि चहा. हात चांगला होता तिचा, पहिल्या दिवसापासून गर्दी झाली. पोह्याची प्लेट हातात देताना ती प्रत्येकाला एकच वाक्य सांगायची.

"बोटीत जाऊन राहिले का? जॅकेटचं बकल लागते का पाहून घ्या."

आवाज चढवायची नाही, आपली गोष्ट सांगायची नाही. लोक जाऊन बकल ओढून पाहायचे. अर्ध्यांचं निघूनच यायचं. मग खिडकीवर भांडण, तिकीट परत. लहान मुलांच्या आया तर पोरांना ओढत पुढे बागेत न्यायच्या. रत्नमाला तर्री ढवळत हे सगळं पाहायची. एकदा मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भुकेलं माणूस जेवताना दिसतं तशी दिसत होती.

उन्हाळ्याआधी विजयकुमारनं सगळी जॅकेटं नवी आणली. चांगली, जाड पट्ट्यांची. मी स्वतः जाऊन पाहिली. पण हिचं वाक्य चालूच.

"वहिनी, आता जॅकेटं नवी आहेत," मी म्हणालो. "लोकांले उगीच भेव घालून राहिल्या तुमी."

"मी खोटं काय बोलून राहिली, भाऊजी? पाहून घ्या म्हणते. पाहण्यात काय वाईट आहे?"

"त्याचा धंदा बसून राहिला ना पण."

"हो," ती म्हणाली. "बसूनच राहिला."

मला ते पटलं नाही, आणि मी काही दिवस तिकडे गेलो नाही.

मग एके दिवशी गाडी उचलायला माणसं आली. रस्त्यावर गाडी लावायची नाही म्हणे. उंटवाला राहिला, फुगेवाला राहिला, फक्त हिची गाडी गेली. पुढच्या रविवारी ती टोपलीत मूंगबडे, म्हणजे मुगाचे वडे, घेऊन आली आणि रांगेतच फिरायला लागली. घाटावर गिऱ्हाईक उरलं नाही तेव्हा विजयकुमारनं झिपलाइनमध्ये भागी घेतली. ही टोपली घेऊन दोन किलोमीटर पुढे गेली. तिथे वाक्य बदललं: "पट्टा ओढून पाहून घ्या, दादा. मालक तोच आहे."

सुनिता तोवर रायपूरला नोकरीला लागली होती. आईला म्हणाली, "बस कर ना मम्मी. मले लोक विचारतात, तुझी मम्मी नदीवर बडे कावून विकते."

"सांग त्याईले, कावून विकते ते," रत्नमाला म्हणाली. सुनिता महिनाभर घरी आली नाही. तेही हिनं सोसलं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर विजयकुमार स्वतः घाटाच्या पायऱ्यांवर तिच्यापाशी आला. मी बडे खात उभा होतो. त्याचा शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. तिच्या टोपलीच्या खालच्या पायरीवर बसला.

"ताई, तुम्हाला काय पाहिजे ते एकदाच सांगा. दुकान बांधून देतो. मुलीच्या लग्नाचं पाहतो."

"तुमच्या माणसाइनं खोटं सांगतलं का नाही?"

"मी सांगायला लावलं," तो म्हणाला. "घाट कायमचा बंद झाला असता."

"मंग हेच भोंग्यावर म्हणा. चंपत मेश्राम दारू पेत नव्हता. जॅकेट माह्यं खराब होतं. नावासकट."

"म्हणतो. मग तुम्ही जाल ना इथून?"

तिनं टोपलीवरचं फडकं सारखं केलं.

रविवारी संध्याकाळी घाटावर बऱ्यापैकी माणसं होती. भोंगा खरखरला आणि विजयकुमारचा आवाज आला. त्यानं हिंदीत सगळं सांगितलं, चंपतचं पूर्ण नाव घेतलं, जॅकेटचं सांगितलं, खोटी साक्ष आपण द्यायला लावली हेही सांगितलं. काही लोक थांबले. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. बाकीचे आईस्क्रीम खात पुढे गेले. मला वाटलं, आता ही रडेल. मी पाण्याची बाटली घेऊन जवळ गेलो.

विजयकुमार खाली आला. "झालं ना ताई?"

"नाही झालं," ती म्हणाली. इतके दिवस त्याला तुम्ही म्हणणारी बाई त्या दिवशी पहिल्यांदा तूवर आली. "तू त्याले एकदाच दारुड्या म्हणलं होतं का? दर ऐतवारी म्हणत होता, दिवसभर. आता तसंच हे म्हण. दर ऐतवारी. मी येऊन ऐकीन."

"लोक काय म्हणतील मला?"

"माह्या पोरीले जे म्हणले, तेच."

आणि त्यानं म्हटलं. का म्हटलं, ते मी आजही नीट सांगू शकत नाही. हिच्या भीतीनं असेल, किंवा एकदा कबूल केल्यावर मागे जायला वाट राहिली नसेल. हिवाळाभर दर रविवारी तो आवाज यायचा, आणि रत्नमाला पायरीवर मांडी घालून ऐकायची. शब्द गाळला तर हात वर करायची. तो पुन्हा सुरुवातीपासून म्हणायचा. कॅम्पातल्या बायकांना ती स्वतः टेम्पो करून घेऊन गेली. विहारात नजरा वळवणाऱ्या दोघींना तिनं पुढच्या पायरीवर बसवलं.

होळीच्या आधी विजयकुमारनं ठेका सोडला. घाट दुसऱ्यानं घेतला. हा अहिवारा गावाकडे गेला, चुन्याच्या खाणीवर कोणाचे टिपर ट्रक सांभाळतो असं ऐकलं. पुढे कळलं की त्याला लकव्याचा झटका आला, एक हात गेला, बायको त्याला भरवते.

ही बातमी मीच गल्लीत आणली. माझी बायको म्हणाली, "रत्नमाला, आता माफ करून टाक त्याले. देवानं, नाही तर कर्मानं, ज्यानं केलं त्यानं केलं."

रत्नमाला गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"माफ करणं चंपतचं काम होतं," ती म्हणाली. "त्यानं केलं असतं, मोठ्या मनाचा होता. मी नाही तशी."

त्या संध्याकाळी तिच्या घरून तांदळाच्या खिरीचा वास आला. ना पौर्णिमा होती, ना कोणाचा वाढदिवस. तिनं गल्लीत घरोघर वाट्या पाठवल्या. माझ्या बायकोनं वाटी हातात घेतली, ही खीर कशाच्या आनंदाची ते तिला उमगलं, आणि तिनं ती ओट्यावर तशीच ठेवून दिली.

मी उठलो, ती वाटी घेतली आणि दारात उभा राहून संपवली. वेलची जरा जास्त झाली होती.