कढीपत्त्याखालचे दोन पाय

गेल्या श्रावणात एका रविवारी, सकाळी नऊच्या सुमारास, मी रहिमतपुरात आईच्या परसात मेलो. मला स्वतःला याची कल्पना नव्हती. आईला आणि शेजारच्या तात्यांना मात्र खात्री होती.

मी सांगलीला शाळेत गणित शिकवतो. पन्नाशीत मला किड्यांचे फोटो काढायचा नाद लागला. (या वयात लोकांना गुडघेदुखी लागते. मला दोन्ही लागलं.) त्या दिवशी कढीपत्त्याच्या खालच्या फांदीला एक हिरवा प्रार्थनाकीटक उलटा लटकून कात टाकत होता. मी चिखलात पालथा पडलो, मोबाईल रोखला आणि श्वास धरला.

"बाळू, च्या झालाय रं."

मी गप्प. कीटक अर्धा बाहेर आला होता.

"बाळू?" आईचा आवाज जवळ आला. मी बोटसुद्धा हलवलं नाही. तिला झाडाखालून बाहेर आलेले माझे पाय तेवढे दिसले.

"तात्या, आवं लवकर या. पोरगं पडलंय माझं. बोलंना झालंय."

तात्या जुने फौजी. त्यांनी एका ढांगेत कुंपण ओलांडलं, माझे पाय धरले आणि मला फरफटत अंगणापर्यंत आणलं.

"तात्या, मी जिता हाय."

"बोलू नगंस. जखमीनं बोलायचं नसतं," असं म्हणून त्यांनी अख्खी बादली माझ्या डोक्यावर ओतली.

मी मोबाईल झटकत उठलो. "आई, वीस मिनिटं त्या किड्यासाठी पडून होतो मी. आता तो कुठला सापडायचा!"

आई पदरानं माझ्या तोंडावरचा चिखल पुसायला लागली.

"तुझं दादा बी हितंच पडल्यालं," ती म्हणाली. "मी हाका मारत हुते, त्ये बोललं न्हाईत. मला वाटलं, आता तू बी."

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. मी तिचा हात धरून पायरीवर बसलो. गार झालेला चहा दोघांनी बशीतून प्यायला.

तेव्हापासून फोटो काढताना दर मिनिटाला मी ओरडतो, "हाय गं आई." ती आतून म्हणते, "बरं." तोवर किडा शेजारच्या गल्लीत पोचलेला असतो.

परवा शाळेत माझ्या चाळीस फोटोंचं प्रदर्शन भरलं. मुख्याध्यापकांनी चष्मा लावून एकेक फोटो न्याहाळला आणि पाठ थोपटली. "सर, पानांचा अभ्यास दांडगा आहे तुमचा."

मी नम्रपणे मान खाली घातली.