समोरच्या घरी जायला रिक्षा

कडुलिंबाखाली बसणाऱ्या माणसाच्या अंगावर दिवसभर काही ना काही पडतच असतं. पान, काडी, लिंबोळी. किश्शांचं तसंच आहे. आपण काही गोळा करायला जात नाही. नुसतं बसून राहायचं, संध्याकाळी उठताना टोपी झटकली की चार खाली पडतात. मी तर हमाली सुटल्यापासून बसूनच आहे. केडगावात, पुण्याच्या रोडला, सुलाबाईच्या चहाच्या टपरीशेजारी. त्यामुळं टोपी जरा जड झालीय.

मला लिहिता येत नाही. मी सांगतो, नात मोबाईलमध्ये टाकते. मी बोलतो हळू, त्यामुळं तिला जांभया फार येतात.

*

आमच्या बाकड्यावर तिघं. मी नामदेव. दुसरे भाऊसाहेब, एस.टी.चे रिटायर ड्रायव्हर. तिसरा रशीदभाई टेलर. त्याचं घर आणि दुकान टपरीच्या बरोब्बर समोर, रोडच्या पलीकडं. रोड तेव्हा एवढासा होता. हा दुकानातून ओरडायचा, "नामदेवा, चहा सांग!" सुलाबाई गाळणी हातात घेते न घेते तोवर गळ्यात टेप घालून हजर!

सुलाबाई सगळ्यांना काचेच्या ग्लासात चहा देते. मला आणि रशीदभाईला मात्र कपबशी. तिच्या रुखवतातली, हिरव्या वेलीची, सेटमधली एवढीच शाबूत राहिलेली. एक चहा, दोघांत. आणि त्याचा कायदा ठरलेला. जो चालत आला त्याला कप, जो बसलेला असेल त्याला बशी.

आता मी सकाळपासून बसलेला. रशीदभाई रोड ओलांडून येणार. म्हणजे कप कायम त्याचा.

भाऊसाहेब चिडवायचे, "नामदेव, जन्मभर बशीच फुरकनार का रं तू?"

मी म्हणायचो, "त्यो येतोय ना? मग बशीत काय वाईट हाय?"

*

मग रोड रुंद झाला. बाभळी गेल्या, मधोमध कमरेइतका डिव्हायडर आला. सुप्याच्या कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, उसाचे ट्रॅक्टर, सगळं असं सुसाट की टपरीच्या बरण्या थरथरतात.

रोड खुला झाला त्या दिवशी सगळ्यात जास्त खूश भाऊसाहेब. "व्वा! असला रोड मला नोकरीत मिळायला पायजे हुता. काय गाडी पळवली असती!"

"चला की मग पलीकडं, रशीदभाईला पेढा देऊन येऊ," मी म्हणालो.

भाऊसाहेब उठले. रोडच्या कडेला जाऊन उभे राहिले. एक पाय टाकला, मागं घेतला. परत टाकला, परत घेतला. मग उजवा हात लांब बाहेर काढून खालीवर हलवायला लागले.

सुलाबाई टपरीतून ओरडली, "भाऊसाहेब, कुनाला हात करताय?"

"अगं, साईड दाखवतोय!"

"गाडी कुठंय तुमची?"

भाऊसाहेबांनी हात खाली घेतला, मागं आले आणि बाकड्यावर बसले. पायांकडं बघत म्हणाले, "इतकी वर्षं रोडवर काढली रं नामदेव. पन पायानं कधी आलोच न्हाई इथं."

पेढा सुलाबाईनं खाल्ला.

*

फुटपाथ पण केला बरं का, नाही असं नाही. चांगला गुडघ्याच्या वर उंच. चढायचं म्हणजे आधी बूड टेकायचं, मग पाय वर घ्यायचे, मग कुणीतरी हात द्यायचा. म्हातारी माणसं त्याच्या कडेकडेनं रोडवरूनच चालतात, आणि फुटपाथवर शेळ्या बसतात.

एक दिवस एक साहेब मोटारीची काच खाली करून सुलाबाईला ओरडले, "मावशी, या लोकांना फुटपाथवरून चालायला सांगा की!"

सुलाबाई म्हणाली, "सांगते. शेळ्यांना इचारून!"

*

त्याच दिवसांत टपरीच्या जरा पुढं एक निळा बोर्ड लागला. बोर्डावर चालणाऱ्या माणसाचं चित्र. खाली काहीतरी लिहिलेलं. मला वाचता येत नाही म्हणून भाऊसाहेबांना विचारलं.

"पायी चालनाऱ्यांनी इथून ओलांडावं, असं लिव्हलंय."

मी बोर्डाच्या मागं जाऊन बघितलं. मागं गटार. पुढं बघितलं. पुढं डिव्हायडर, सलग. फट कुठंच नाही. एक फट आहे ती पार पेट्रोल पंपाच्या पुढं आणि दुसरी इकडं गावच्या कमानीच्या पलीकडं. त्या पण गाड्या वळवायच्या.

मी रोज त्या बोर्डातल्या माणसाकडं बघायचो. पाय उचललेला, हात पुढं, अंगात काय जोर! आणि सकाळी बघावं तर तिथंच, संध्याकाळी बघावं तर तिथंच.

शेवटी भाऊसाहेबांना म्हणालो, "ह्याला बी जमंना बघा!"

*

रशीदभाईच्या गुडघ्यानं नेमकं तेव्हाच दगा दिला. डोळ्यात मोतीबिंदू. पोरानं सांगून टाकलं, "अब्बा, रोडवर पाय टाकला तर दुकानाला कुलूप लावीन." टेलरला दुकानाचं भ्या घातलं म्हणजे संपलंच. हा दारात खुर्ची टाकून बसायला लागला. मी इकडं बाकड्यावर. दोघं समोरासमोर, मधे सगळा महाराष्ट्र चाललेला.

मग मोबाईल आला उपयोगी. संध्याकाळी फोन वाजायचा.

"काय करतोस रं?"

"तुझ्याकडं बघतोय."

"मग हात का केला न्हाईस?"

"केला की! तवर कंटेनर आडवा आला."

"पुन्ना कर."

मी हात करायचो.

"दिसंना यार. पांढरं काहीतरी हाललं. ती टोपी का शेळी?"

"टोपी!"

"मग ठीक हाय."

फोन ठेवायचा. मग उगाच दोघं थोडा वेळ तसंच बसायचो. सुलाबाई मला पण ग्लासात चहा द्यायला लागली होती. कपबशी तिनं फळीवर पालथी घालून ठेवली. धूळ बसायची, ती फडक्यानं पुसायची, परत पालथी.

*

एक दिवस मला राहवलं नाही. म्हटलं, आज जायचंच. चालत नाही तर नाही, रिक्षानं. धोतर बदललं, रिक्षाला हात केला.

"कुठं जायचं आजोबा?"

मी बोट दाखवलं. "ते काय समोर. टेलरचं दुकान."

रिक्षावाला दुकानाकडं बघतो, माझ्याकडं बघतो, परत दुकानाकडं. "आजोबा, थट्टा करताय काय?"

"न्हाई बाबा. तुझी रिक्षा उडती का? मग फिरूनच न्यावं लागंल की!"

बिचाऱ्यानं नेलं. पार पेट्रोल पंपाच्या पुढं जाऊन वळलो. गर्दीत अडकलो, धूर खाल्ला, दुकानापाशी उतरलो. बघतो तर खुर्ची रिकामी!

आतून त्याचा पोरगा आला. "काका, तुम्ही इकडं? अब्बा तर आत्ताच रिक्षा करून तुमच्याकडं गेले. म्हणाले, आज नामदेवाला भेटूनच येतो."

मी वळून बघितलं. रोडच्या पलीकडं, आमच्या बाकड्यावर, माझ्या जागेवर रशीदभाई बसलेला!

फोन वाजला.

"नामदेवा, कुठं मेलास?"

"तुझ्या खुर्चीत."

तो बाकड्यावरून उठून उभा राहिला. मग म्हणाला, "आता हलू नकोस. मी येतो."

"नको, मी येतो. तू बस."

"न्हाई न्हाई, तू बस!"

अंधार पडायला आला तरी आमचं कोण येणार हे ठरेना. शेवटी दोघं निघालो ते एकदमच, आपापल्या घरी. कमानीपाशी दोन रिक्षा एकमेकींना घासून गेल्या. तो ओरडला, "सलाम!" मी हात बाहेर काढेपर्यंत गेला.

*

मग एक इंजिनिअर मॅडम आली. वयानं पोरच, अकोल्याकडची. सकाळपासून सुलाबाईच्या टपरीवर बसून नुसती रोडकडं बघायची. भाऊसाहेबांना वाटलं, हिची गाडी चुकली. पण ती आम्हाला विचारायला लागली. "काका, तुम्हाला पलीकडं कुठून जावंसं वाटतं?"

असं आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मी बोट केलं, "इथून. समोर."

ती हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडं पावसाळ्यात ओढा भरला की या काठची माणसं त्या काठाशी ओरडून बोलतात. मग गावकरी लाकडं टाकून साकव बांधतात. तेवढंच करायचंय इथं."

चार दिवसांनी सकाळी बघतो तर टपरीसमोर रोडवर चुन्याच्या फक्कीचे पांढरे शुभ्र पट्टे! डिव्हायडरचे ठोकळे काढून मधे उभं राहायला जागा, भोवती रंगवलेली पिंपं, अलीकडं-पलीकडं गाड्या हळू करायला उंचवटे. शिट्टी घेतलेला माणूस. सगळं कसं झकास.

आणि तिथून एक माणूस ओलांडेना!

उलट जे कुठून तरी घुसायचे, ते पण पट्टे बघून लांबून जायला लागले. सुलाबाईनं टपरी झाडून घेतली, बाकडं आत ओढलं. भाऊसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. एकानं कुठून तरी हार आणून पिंपावर ठेवला.

दुपारी मॅडम हैराण होऊन आली. "काका, कुणी ओलांडत का नाही?"

"फक्की पुसंल की!" मी म्हणालो. "मंत्री किती वाजता येनार हायेत?"

"कुठले मंत्री?"

"आता रोडला फक्की पडली म्हंजी कोनतरी येनारच ना?"

मॅडमनं कपाळाला हात लावला. "अहो, कुणी येणार नाहीये. हे तुमच्यासाठी आहे!"

"आमच्यासाठी?" भाऊसाहेब उठून उभे राहिले. "आमी कुठं निवडून आलोय?"

*

मॅडम म्हणाली, ही ट्रायल आहे, आठवड्याची. जमलं तर पुढं पक्कं करायचं. मी फोनवर रशीदभाईला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी कच्चा टाका. मला कळतं. पन पोरगा सोडंना यार."

रोज तो दारातून बघायचा. शाळेतली पोरं जायची, बाया जायच्या, शेळ्यासुद्धा जायला लागल्या. मी म्हणायचो, "मी येतो." तर म्हणायचा, "न्हाई. तू बस. मी चालत येनार."

शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोरगा कापड आणायला गावात गेला. आणि हा निघाला! धुवट शर्ट, गळ्यात टेप. पट्ट्यावर एकेक पाय जपून ठेवत मधल्या जागेपर्यंत आला आणि पिंपाला धरून थांबला. पुढं येईना. मावळतीचं ऊन थेट डोळ्यात, काही दिसत नसणार.

मी उठलो.

"थांबा मामा," सुलाबाई म्हणाली. फळीवरची कपबशी तिनं काढली, विसळली, चहा ओतला आणि माझ्या हातात दिली. "जावा. कप फुटला तर दोघांना बी दारात उभं करनार न्हाई!"

मी निघालो. कडेला भाऊसाहेब उजवा हात लांब काढून उभे. आणि खरं सांगतो, सुप्याच्या कंपनीची बस थांबली!

मधे पोचलो तर रशीदभाई म्हणतो, "कप आन इकडं."

"का म्हनून? मी बी चालत आलोय."

"अरे, मी घरून आलो!"

"मग मी काय पाळन्यातनं आलो?"

शिट्टीवाला आमच्याकडं बघतोय, ड्रायव्हर बघतायत. शेवटी मी बशीत ओतून घेतला, कप त्याला दिला. सवय! चहा गार झालेला, अर्धा सांडलेला. दोन्हीकडून गाड्या, आणि मधे आम्ही दोघं पिंपाला टेकून. रोडच्या मधोमध इतकं निवांत असतं, हे मला माहीत नव्हतं.

"बारीक झालास रं," तो म्हणाला. "सदरा ढिला झालाय. माप घ्यायला पायजे." आणि तिथंच गळ्यातली टेप काढून माझ्या खांद्याला लावली.

तेवढ्यात शिट्टी. ठोकळे बसवायला गाडी आली होती. मॅडम पळत आली, "काका, वेळ संपली, लवकर आपापल्या बाजूला व्हा!" तो तिकडं वळला, मी इकडं. मागं वळून बघेपर्यंत पिंपं उचलली.

मॅडमला विचारलं, "पक्कं कधी व्हनार?"

ती म्हणाली, "वर पाठवलंय काका." आणि रोडकडं बघत राहिली.

बाकड्याशी आलो तर सुलाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "मामा, कप?"

मी हाताकडं बघितलं. हातात नुसती बशी! समोर बघितलं. रशीदभाई दुकानाच्या दारात उभा, आणि त्याच्या हातात कप!

भाऊसाहेब लगबगीनं उठले. "आनतो मी. रिक्षानं जातो आन् असा येतो."

सुलाबाईनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

"खबरदार कुनी कप आनला तर! ज्याच्याकडं हाय त्यो चालत आनून देईल."