चहाच्या सुट्टीत वाजणारा माझा आवाज

बाबा गेले तेव्हा मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

मेसेज करायचे. 'ठीक आहे.' 'जेवले.' 'थंडी आहे.' सात महिने एवढंच.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. कुणाला तरी सांगितलं पाहिजे, म्हणून इथे लिहितेय.

बाबा सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होते. तीस वर्षं. घरात ते मोठ्यानं बोलायचे, आम्हीही मोठ्यानं बोलायचो. आमच्या गल्लीत सगळ्याच घरांत असा आवाज. त्यात वेगळं काही आहे असं कधी वाटलंच नाही.

मी इंग्लंडमध्ये गणित शिकवते. सांगलीची शाळा सोडताना स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. लय हवा केली होती मी.

इथे आल्यावर दोन आठवड्यांत सगळी हवा गेली.

नववीचा वर्ग. मी फळ्याकडे वळले की मागून कुणीतरी माझ्या उच्चारांची नक्कल करायचं आणि वर्ग खिदळायचा. माझा तास तपासायला एक मॅडम मागे लॅपटॉप घेऊन बसायच्या आणि तास संपल्यावर सांगायच्या, 'थोडी एनर्जी कमी वाटली.' चार वाजता अंधार. खोलीत ओल. बस कधीच वेळेवर नाही.

हे आईला सांगायची सोय नव्हती. ती पहिल्याच दिवशी 'परत ये' म्हणाली असती.

बाबांना फोन केला तर, 'हां. हां. जेवलीस का?' की फोन लगेच आईकडे. मला वाटायचं, यांना फोनचा कंटाळा.

म्हणून मी बाबांना व्हॉइस नोट पाठवायला लागले. रोज. शाळेतून घरी चालताना सगळं ओकून टाकायचे. दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर यायचं, अगदी मुद्द्याला धरून.

एकदा मी आठ मिनिटांची नोट पाठवली. त्यातली पाच मिनिटं नुसतं रडणं. कॉनर नावाच्या एका पोरानं त्या दिवशी माझी भर वर्गात शोभा केली होती.

'बाबा, मला शिकवताच येत नाही. मी येते परत.'

दुसऱ्या दिवशी बाबांचं उत्तर आलं.

'हे बघ बाळा. आमच्यात नवा माणूस आला की त्याला लगीच मशीनला हात लावू देत न्हाईत. आठ दिस नुसता ब्रश द्यायचा. लोखंडाचा चुरा काढ म्हणायचं. त्याला वाटतंय, आपलं बी हितं काम हाय. तुज्या त्या वांड पोराच्या हातात कायतरी काम दे. गणित मागनं.'

मी कॉनरला वह्या वाटायचं काम दिलं. नंतर फळा पुसायचं. चौथ्या आठवड्यात तोच मागे वळून एकावर खेकसला, 'गप की, मिस बोलतायत.'

मी टिकले. आजही त्याच शाळेत आहे.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आईचा फोन आला. रडत. शेजारच्या काकूंनी तिला विचारलं होतं, 'पोरगी लय रडती म्हणं तिकडं?' काकूंचे यजमान बाबांच्याच शॉपमध्ये होते.

तेव्हा कळलं. बाबा माझ्या नोट्स चहाच्या सुट्टीत स्पीकरवर लावायचे. सगळ्यांसमोर. ते रडणंसुद्धा.

मी बाबांना व्हिडिओ कॉल केला आणि तोंडाला येईल ते बोलले. 'माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीत तुम्ही.' बाबा स्क्रीनकडे बघत होते. माझा अवतार बघूनच सगळं समजले असणार.

'चुकलं माजं,' एवढंच म्हणाले.

मी व्हॉइस नोट बंद केल्या.

मग एका सकाळी शॉपमध्येच त्यांना अटॅक आला. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तोंडही दिसलं नाही.

तेराव्यानंतर मी त्यांचा डबा आणि चष्मा आणायला कुपवाडला गेले. रफिकचाचा भेटले. ते तिथे वेल्डिंग करतात, बाबांचे जुने दोस्त. मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले,

'पोरी, तुज्या बापाला शब्द कळत न्हवतं गं. मशीननं कान खाल्लं त्याचं. फोनमदनं नुसता आवाज यायचा. म्हणून मोठ्यानं लावायचा. आमी ऐकायचो, आन मी त्याच्या कानाशी जाऊन एकेक वाक्य सांगायचो.'

'मी रडले ती नोट पण?'

'व्हय. गाळणार हुतो. तर म्हणला, रफिक, सगळं सांग, लपवू नगंस. मशीन बंद करून बसला. मग आमी सगळ्यांनी डोकं लावलं. ब्रशाचं मीच काडलं हुतं.'

मी विचारलं, 'मी एवढी ओरडले, तेव्हा हे का नाही सांगितलं त्यांनी?'

चाचा म्हणाले,

'लाज वाटायची त्याला. म्हणायचा, बापाला ऐकू येत न्हाई हे तिला कळलं तर ती बोलायची बंद हुईल.'

बोलायची बंद तर मी झालेच.

इथे एकटी लढतेय असं मला वाटायचं. परदेशातल्या माझ्या त्या वर्गासाठी कुपवाडची सहा माणसं चहा गार होईपर्यंत डोकं लावत होती. त्यातले बरेचसे मला ओळखतही नव्हते. माझी नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे, आणि मी त्यालाच अब्रू गेली म्हणाले.

चाचा, काका, शॉपमधले सगळे, तुमचे उपकार मानायलाही मला उशीर झाला. कसे मानायचे तेही कळत नाही.

चाचा म्हणाले, त्या सात महिन्यांत बाबा रोज चहाच्या वेळी फोन काढून बघायचे. मग खिशात ठेवायचे.

हे मला सहन होत नाही.

बाबा, इथूनच पाया पडते. एकदा सांगायचं होतंत.

मी ओरडून बोलले असते.